बाईच्या ताटातले सत्तावीस दिवस

विसरवाडीला आमचं किराणा-धान्याचं दुकान हमरस्त्याला तोंड करून होतं आणि घर दुकानाच्या मागे. कोंडाईबारीचा घाट उतरून आलेले ट्रक आमच्या दारासमोर गिअर बदलायचे, तेव्हा फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती, की एखाद्या दिवशी रस्ता बंद असला तर घर मुकं झाल्यासारखं वाटे. आजूबाजूच्या पाड्यांतली माणसं नागली, ज्वारी आणि खाचरातला भात खायची. आमच्याकडे मात्र दोन्ही वेळा गहू. आम्ही मारवाडातून आलेले जैन, आणि आमच्या घरात गहू ही इज्जतीची गोष्ट होती. दुकानात ज्वारीच्या गोण्या छतापर्यंत लागलेल्या असत, पण स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ आलेलं मला आठवत नाही. पाहुणा आला, गहू. पोरगं आजारी पडलं, गहू. बाळंतीण असो की म्हातारं माणूस, ज्याला जपायचं त्याच्या तोंडात आम्ही गहू घालायचो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

हा गहू निवडायचं काम भुवाजींचं. भुवाजी म्हणजे माझी आत्या, काकाजींची थोरली बहीण. (वडिलांना आम्ही काकाजी म्हणायचो आणि आईला बाई. एकत्र घरातून आलेली हाक, तीच पुढे टिकली.) भुवाजी सकाळी उन्हं ओसरीवर आली की सूप घेऊन बसायच्या आणि एकेक दाणा असा बघायच्या जणू त्याला जावई करून घ्यायचंय. त्यांच्या दोन्ही हातांवर, बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत, पांढरे डाग होते. कोड. लग्नानंतर दोन वर्षांनी ते उमटलं आणि सासरच्यांनी त्यांना बैलगाडीत बसवून माहेरी आणून सोडलं, ते कायमचं. गावात लग्नकार्य असलं की भुवाजी जायच्या, पण तिथे त्यांना कोणी वाढायला सांगायचं नाही. त्यांना ते कळायचं. घरी येऊन मग त्या आम्हा पोरांना समोर बसवून इतकं खाऊ घालायच्या, की उठता यायचं नाही. जीभ मात्र तिखट. बाईला त्या 'बींदणी' म्हणायच्या, म्हणजे सूनबाई, आणि हाक गोड असली तरी मागून येणारं वाक्य क्वचितच गोड असे.

मी घरात थोरली. माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोघेही दोन-अडीच वर्षांचे होऊन गेले. ते कसे गेले ते मला धड आठवत नाही. एवढंच आठवतं, की दोघांचीही पोटं घागरीसारखी होती आणि हातपाय काटक्या. लोक म्हणाले, सूखा लागला. भुवाजी म्हणाल्या, बींदणीच्या माहेरचं रक्तच पातळ आहे.  बाई बोलायचीच कमी. मग मंजू झाली.

मंजू अंगावर पीत होती तोवर अशी गुटगुटीत, की पाड्यावरच्या बायका सौदा घ्यायला आल्या की आधी तिला उचलून घ्यायच्या. दीड वर्षाची झाल्यावर बाईने तिला दूध-रोटी सुरू केली. गरम फुलका तुपात कुस्करायचा, वर दूध घालायचं. आणि दोन-चार महिन्यांत ती बदलली. दिवसातून पाच-सहा वेळा फिक्या रंगाचं, फेसाळ, इतक्या घाण वासाचं व्हायचं, की बाईला परसात जाऊन राख टाकावी लागे. पोट पुढे आलं. मांड्यांची कातडी सैल होऊन सुरकुतली. सगळ्यांत वाईट म्हणजे पोरगी हसेनाशी झाली. दिवसभर किरकिर, कोणी हात लावला की किरकिर, आणि संध्याकाळी नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. दूध-रोटी आधी आणि दुखणं मागून, हे आज लिहिताना किती सरळ ओळीत येतंय. तेव्हा घरातल्या एकालाही ते दिसलं नाही. आणि दिसणार कसं? दूध-रोटी काय नवीन गोष्ट होती? आम्ही सगळेच त्यावर वाढलो होतो.

पाच वर्षांची होईस्तोवर मंजू कधी थोडी बरी, कधी फार वाईट, अशी ओढत ओढत आली. तिची उंची तीन वर्षांच्या पोरीएवढी होती. नंदुरबारच्या वैद्यांनी गव्हाचं सत्त्व द्यायला सांगितलं. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि तो चीक तुपावर शिजवायचा. बाईचे हात त्या वाटण्याने सोलून निघाले. नवापूरच्या डॉक्टरांनी लाल रंगाचं टॉनिक दिलं आणि म्हणाले, हलकं आणि ताकदीचं द्या. काकाजींनी ओळखीच्या ट्रक-ड्रायव्हरकडून सुरतेहून बिस्किटांचे डबे मागवले. त्या काळात आमच्या भागात बिस्किट म्हणजे श्रीमंती. ज्याला जे सुचलं ते त्याने केलं, आणि ज्याने जे केलं त्यात गहू होता. नवापूरच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे तेव्हा नुकतं कळत होतं म्हणे.

आमच्याकडे भांडी घासायला देवलीबाई यायची, मावची कोकणी आदिवासी, नागझरीच्या बाजूच्या पाड्यावरची. ती आपल्या फडक्यात भात नाहीतर नागलीची भाकर बांधून आणायची आणि परसात लिंबाखाली बसून खायची. मंजू रांगत तिच्यापर्यंत जायची आणि समोर बसून नुसती बघायची. एकदा देवलीबाई बाईला म्हणाली, "सेठाणी, पोरले भात दे. तिन्हा डोया भातवर शे." म्हणजे तिचे डोळे भातावर आहेत. भुवाजींनी ओसरीवरून ऐकलं आणि म्हणाल्या, भाताने पोट वाढतं, आधीच काय कमी आहे, आणि तू कधीपासून वैद्य झालीस? देवलीबाई हसली आणि म्हणाली, मी नाही वैद्य, पण माझी सात जिवंत आहेत. ती मुद्दाम लागेल असं बोलली नव्हती. पण बाई त्या दिवशी जेवली नाही.

त्यातच शेजारच्या काकींनी एक दिवस सहज बोलल्यासारखं केलं. म्हणाल्या, कोड असलेल्या हाताने रोज भरवतात, लहान पोरीला उतरायचं नाही तर काय. भुवाजी दाराआड होत्या. त्यांनी काही वाद घातला नाही, आणि तेच भयंकर होतं, कारण भुवाजी वाद घालायचं सोडत नसत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मंजूला भरवणं बंद केलं. गहू निवडायच्या, पीठ चाळायच्या, पण वाटी तयार झाली की माझ्याकडे सरकवायच्या आणि तोंड फिरवून बसायच्या. मंजू कधी त्यांच्या मांडीवर चढायला गेली तर दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायच्या. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला वाटायचं, रागावल्यात.

चैत्र लागला तेव्हा मंजू उठून बसायचीही बंद झाली होती. काकाजी दुकानात गिऱ्हाइकाला चुकीचं वजन देऊ लागले होते, कधी जास्त, कधी कमी. बाई दर अर्ध्या तासाने येऊन पोरीच्या नाकापुढे बोट धरून बघायची. अशा वेळी सुरतेकडून विहार करत तीन साध्वीजी महाराज आमच्या गावात थांबल्या. आमच्या साध्वी पायीच चालतात, गाडीत बसत नाहीत, म्हणून हमरस्त्यावरच्या जैन घराला त्यांचा मुक्काम नेहमीचा. थोरल्या महाराजांनी मंजूला पाहिलं.  मग बाईला म्हणाल्या, ओळी बसतेय, तप करा, श्रद्धेने करा. बस, एवढंच. पण बाईला बुडताना हाताला काहीतरी लागलं.

आयंबिल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवसातून एकदाच, एका जागी बसून, अळणी शिजवलेलं धान्य खायचं. तूप, तेल, दूध, दही, गूळ, साखर, भाजी, काही नाही. पाणीसुद्धा उकळलेलं. असे नऊ दिवस चैत्रात आणि नऊ आश्विनात, त्याला ओळी म्हणतात. त्या दिवसांना रंग असतात आणि एका दिवशी एकच धान्य. पहिल्या दिवशी पांढरं, म्हणजे तांदूळ. दुसऱ्या दिवशी लाल, म्हणजे गहू. मग पिवळी हरभऱ्याची डाळ, हिरवे मूग, काळे उडीद, आणि शेवटचे चार दिवस पुन्हा तांदूळ.

पहिल्या दिवशी बाई भात घेऊन बसली आणि मंजू, जिने आदल्या दोन दिवसांत चमचाभर सत्त्वही पोटात ठेवलं नव्हतं, ती सरपटत येऊन बाईच्या ताटाशी पडली. बाईने तिच्या तोंडात चार शितं ठेवली. तिने ती गिळली आणि तोंड उघडलं. तेव्हापासून बाई जे खाईल ते मंजू. बाईचं एकदाच असलं तरी पोरीसाठी त्यातलंच वाटीभर झाकून ठेवायचं आणि दिवसभर थोडं थोडं द्यायचं. लाल दिवशी गव्हाची अळणी रोटी होती. मंजूने एक घास चोखला आणि काढून टाकला. बाई म्हणाली, राहू दे, पाणी पी. पुढचे दिवस डाळ, मूग, उडीद, भात. टॉनिक, दूध, बिस्किटं सगळं आपोआप बंद पडलं, कारण पोरगी दुसऱ्या कशाला तोंडच लावेना.

सातव्या दिवशी सकाळी बाई परसातून जवळजवळ धावत आली. तिच्या हातात मातीचं भांडं होतं आणि तोंडावर असा आनंद, जो मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. पोरीला शी बांधून झाली होती. काकाजी दुकान सोडून आत आले, भुवाजी आल्या, आणि आम्ही चौघं त्या भांड्यात वाकून बघत होतो. आज हसू येतं. तेव्हा आम्ही देवळात उभे असल्यासारखे गप्प होतो.

नऊ दिवस झाले, ओळी संपली, पण बाई पारणं करीना. पारणं म्हणजे तप सोडून पहिलं जेवण. काकाजी म्हणाले, नवस पूर्ण झाला. बाई म्हणाली, पोरगी पूर्ण झाली का? रोज सकाळी ती देव्हाऱ्यापुढे हात जोडून आणखी एका दिवसाचं आयंबिल घ्यायची. आता रंग नव्हते, भात आणि मूग एवढंच. आणि मंजू तिच्या ताटात. पंधराव्या दिवशी मंजू भिंत धरून उभी राहिली. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी ती स्वतः चालत दुकानाच्या दारापर्यंत गेली आणि भुवाजी कमरेवर हात ठेवून कशा चालतात त्याची नक्कल करून दाखवली. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. भुवाजी आतून म्हणाल्या, "जीव आला नाही तोच जीभ आली कार्टीला." आणि पदराने डोळे पुसू लागल्या. पोरीच्या गालावर रंग आला होता. ती माझ्या वेण्या ओढायची. मला पाच वर्षांत पहिल्यांदा बहीण मिळाली होती.

पण बाई वाळत चालली होती. घरातली सगळी कामं, चूल, पाणी, दळण, आणि पोटात दिवसातून एकदा अळणी भात, त्यातलाही अर्धा मंजूचा. सव्विसाव्या दिवशी पाण्याची घागर घेऊन येताना ती उंबऱ्यात पडली. कपाळाला खोक पडली आणि बराच वेळ तिला आम्ही कोण ते कळेना. काकाजी समोर बसून राहिले, त्यांना बाईला कसं समजवावं कळत नव्हतं. समजावलं मी. मी तिचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि म्हटलं, "मंजूसाठी तू मरशील, मग मला कोण?" बाईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, किती तरी महिन्यांनी तिने माझ्याकडे पाहिलं असेल. म्हणाली, अक्षय तृतीया परवा आहे, त्या दिवशी सोडते.

आखातीज हा आमच्यात पारण्याचा मोठा दिवस. सकाळपासून घर तुपाच्या वासाने भरलं होतं. गव्हाची लापशी, गव्हाच्या पिठाची गुळाची गळवाणी, गरम फुलके. भुवाजींनी लापशीचा गहू तीन वेळा निवडला होता. पाटावर बाई बसली, कपाळाला पट्टी, मांडीवर मंजू. काकाजींनी बाईला उसाचा रस दिला. मग मंजूला पहिला घास द्यायची वेळ आली, आणि बाईने ताट भुवाजींकडे सरकवलं. नणंदेला ती बाईसा म्हणायची.

"बाईसा, पहिला घास तुम्ही द्या."

भुवाजींनी हात मागे घेतले. "माझ्या हाताने?"

"तुमच्याच. लोकांचं तोंड आज बंद होऊ दे."

भुवाजींनी तो पांढऱ्या डागांचा हात पदरातून बाहेर काढला. त्यांनी तुपाने माखलेल्या लापशीचा एवढासा गोळा केला, फुंकर घातली आणि मंजूच्या तोंडात ठेवला. मंजूने खाल्ला, कारण गूळ होता, आणि सत्तावीस दिवसांत तिने गोड चाखलं नव्हतं. भुवाजी रडत होत्या, बाई रडत होती. मी किती खूश होते ते काय सांगू. आई वाचली होती, बहीण वाचली होती, आणि दोन्ही मी केलं होतं असं मला वाटत होतं.

त्यानंतर लाडाला सीमा राहिली नाही. पोरगी बरी झाली, आता तिला भरून काढायचं. सकाळी शिरा, दुपारी दूध-रोटी, मध्ये बिस्किटं. भुवाजी दिवसातून चार वेळा तिला मांडीवर घ्यायच्या, मधल्या सगळ्या महिन्यांची कसर काढल्यासारख्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तो वास आला. तुम्हाला सांगते, तो वास मी पन्नास माणसांत ओळखीन. ज्येष्ठ अर्धा झाला तोवर पोट पुन्हा घागर आणि पाय पुन्हा काटक्या. या वेळी ते फार वेगाने आलं.

बाईने एक दिवसही वाट पाहिली नाही. पुन्हा आयंबिल सुरू केलं. तिच्या मनात शंका नव्हती: तप सोडलं म्हणून पोरगी हातातून निसटतेय, तप धरलं की परत येईल. आणि इथेच ते झालं, जे मला आजही लिहिताना हात थांबवायला लावतं. बाईच्या मनाने घेतलं, की मागच्या वेळी तपात खोट राहिली. तिने तपाचा घास पोरीशी वाटून खाल्ला, अर्धं कष्ट त्या आजारी जिवावर टाकलं, म्हणून ते पुण्य अर्धंच टिकलं. या वेळी सगळं सोसणं आपलं आणि सगळं चांगलंचुंगलं मंजूचं. तिने काकाजींना सांगून सुरतेहून बिस्किटांचे आणखी डबे मागवले. स्वतः अळणी भात खायची आणि लेकीसाठी गव्हाचं सत्त्व वाटायची.

बाईच्या जेवणाच्या वेळी मंजूला दुसऱ्या खोलीत नेऊन भरवायचं काम माझं. कारण ती ताटाकडे यायची. तिला चालता येत नव्हतं तरी यायची, कोपरांवर. मी तिला उचलायची, आतल्या खोलीत न्यायची, दार लोटायची आणि दूध-रोटीची वाटी घेऊन बसायची. ती तोंड घट्ट मिटायची. मग म्हणायची, "मला बाईच्या ताटातलं दे."

मी म्हणायची, ते तपाचं आहे मंजू, ते मागायचं नसतं. हे बघ, तुझं किती छान आहे, साय घातलीय.

"साय नको. बाईच्या ताटातलं."

मी तिचं नाक धरायची. श्वासासाठी तोंड उघडलं की घास आत. भुवाजींनीच शिकवलं होतं, हट्टी पोरांना असं भरवतात. ती ओकायची, मी पुसायची आणि पुन्हा भरवायची. मी मन लावून भरवलं. घरातल्या सगळ्यांनी मला शाबासकी दिली, की शांती किती समजूतदार झाली आहे. पाच वर्षांची पोर, तिला कळत होतं. सगळ्या घरात फक्त तिलाच कळत होतं, आणि ती रोज सांगत होती, साध्या शब्दांत.

आषाढ संपायच्या आत मंजू गेली. दुपारची वेळ होती, दुकान उघडं होतं, रस्त्यावर ट्रक चालू होते. बाईच्या मांडीवर होती. शेवटच्या दिवशी नुसतं पाणीही पोटात राहत नव्हतं. बाई रडली नाही. मला जवळ बोलावलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सत्तावीसवर थांबायला नको होतं." तिने मला दोष दिला नाही. आयुष्यात कधी दिला नाही. पण थांबवलं कोणी होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. पदर माझ्या मुठीत होता. ते वाक्य घेऊन मी सासरी गेले, ते घेऊन मी मुलं वाढवली. माझी दोन पोटातच गेली तेव्हा मला वाटलं, हा त्याचाच हिशेब.

मंजूनंतर दोन वर्षांनी एक भाऊ झाला. त्याने दोन्ही वेळा गहू खाल्ला आणि बैलासारखा वाढला. म्हणजे मग लोकांनी आणि आम्हीही गव्हाकडे बघायचं काही कारणच उरलं नाही. बाईने मात्र चैत्राची आणि आश्विनाची ओळी कधी सोडली नाही. पुढे ती माझ्या या भावाकडे नंदुरबारला राहायला गेली, सत्तरी ओलांडली, ऐंशी ओलांडली, डॉक्टर नको म्हणाले तरी नऊ दिवस अळणी भात खायची. नववा झाला की म्हणायची, अजून थोडे करता आले असते.

मग माझी नात आजारी पडली. सुरतेला, तीन वर्षांची, तेच पोट, तेच हातपाय. आणि एका दुपारी त्यांच्या न्हाणीघरातून तोच वास आला. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. या वेळी मात्र रक्त तपासणारी यंत्रं होती आणि एक तरुण डॉक्टरीण होती. तिने नळी घालून आतडं पाहिलं, रक्त पाहिलं आणि गहू बंद केला. सहा महिन्यांत पोरगी जिना चढून उतरून घर डोक्यावर घेऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून विचारलं, आजी, घरात आणखी कोणाला असं? मी सांगू लागले. दोन भाऊ. मंजू. भुवाजींचं कोड. माझं रक्त जन्मभर कमी, गळ्याच्या ग्रंथीची रोजची गोळी, पोटात गेलेली दोन. चुलत घराण्यातला एक मुलगा, लहानपणापासून साखरेची सुई घेणारा. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, हे सगळे आजार एकमेकांची भावंडं आहेत." मग तिने मला समजेल असं सांगितलं. अंगातला पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून मारायला लागतो. कोणाच्या कातडीवर, कोणाच्या गळ्यात, कोणाच्या आतड्यात. आतड्यातल्या पहारेकऱ्याला चिथावणारा गहू. त्याचं बीज रक्तातून येतं, आईकडून, बापाकडून, कधी दोघांकडून. ज्याच्यात बीज आहे त्या प्रत्येकाला होतंच असंही नाही. माझं रक्त तपासलं, माझ्यातही निघालं. साठी उलटल्यावर मी ज्वारीची भाकर थापायला शिकले. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, सून हसली.

त्या दिवशी मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. पन्नास वर्षांचं एक ओझं उतरलं, हे खरं. पदर धरून मी बाईचं तप सोडवलं, त्याने मंजू गेली नव्हती. पण ते ओझं उतरलं तिथेच दुसरं येऊन बसलं. वाटी माझ्या हातात होती. नाक मी धरलं होतं. आणि बाईला हे सांगायचं की नाही, हा प्रश्न घेऊन मी दोन महिने झोपले नाही. सांगितलं तर तिचं तप हलकं होईल, आणि तिने स्वतः वाटलेलं सत्त्व जड होईल. न सांगितलं तर ती पुढच्या आश्विनात पुन्हा बसेल, मंजूची माफी मागत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला आणखी किती माफी मागायला लावायची?

मी नंदुरबारला गेले. बाई खाटेवर बसून माळ ओढत होती. अलीकडे तिला सकाळचं संध्याकाळी आठवत नसे, पण जुनं सगळं लख्ख. मी खाली जमिनीवर बसले, तिच्या पायाशी, आणि सांगितलं. एकेक करून. रक्ताचं, बीजाचं, दोन भावांचं, मंजूचं. म्हटलं, बाई, तुझ्या तपात काही कमी नव्हतं. सत्तावीस दिवस ती तुझ्या ताटातलं खाऊन जगली. आपण तिला नंतर गहू दिला म्हणून ती गेली. आपल्याला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

बाईची माळ थांबली. मला वाटलं तिला समजलंच नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. मग पुढे वाकली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"हे तुझ्या भुवाजींना कळू देऊ नकोस," ती म्हणाली. "पहिला घास मी त्यांच्याकडून देववला होता. त्या जगायच्या नाहीत."

भुवाजींना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, नाही सांगत, बाई.